कासवाची फर्स्ट एड पेटी: काय ठेवायचं, काय अजिबात नाही, आणि वेळ आली की काय करायचं

आमचा बंड्या (नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वावर कमावलंय) एकदा रात्री साडेदहाला पायरीवरून पडला. दोनच पायऱ्या, पण आवाज असा आला की काळजात धस्स झालं. उचलून बघते तर कवचाच्या कडेचा टवका उडालेला आणि थोडं रक्त. घरात फर्स्ट एडचा डबा होता, म्हणजे माणसांचा, तो उघडला तर आत अर्धवट सुकलेली मलमाची ट्यूब, स्पिरिट, कापूस आणि तापाच्या गोळ्यांची पट्टी. यातलं एकही कासवासाठी वापरायचं नसतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. नशीब की डॉक्टरांनी फोन उचलला आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "आधी ते स्पिरिट खाली ठेवा."

तेव्हापासून बंड्याची वेगळी पेटी आहे. लोक विचारतात त्यात औषधं कुठली कुठली ठेवलीस, तर खरं सांगायचं म्हणजे औषधं फार नाहीतच. कासवाचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं, ते गार पडलं की पचन, प्रतिकारशक्ती, जखम भरणं सगळंच मंदावतं, आणि आजारपण ते इतके दिवस लपवतं की आपल्याला कळतं तेव्हा बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून पेटीतली निम्म्याहून जास्त जागा मोजायच्या, धुवायच्या आणि ऊब द्यायच्या वस्तूंनी भरलेली आहे. डॉक्टरकडे पोचेपर्यंत आणखी नुकसान होऊ द्यायचं नाही, एवढंच या पेटीचं काम, घरी दवाखाना थाटायचा नाहीये. आणि हे सगळं जमिनीवरच्या कासवांबद्दल आहे, पाण्यातल्या कासवांचं काही बाबतीत वेगळं पडतं.

सगळ्यात आधी: फोन नंबर आणि एक कागद

पेटी विकत घ्यायच्याही आधी हे करा. कासव बघणारा डॉक्टर शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असतात पण त्यातल्या बऱ्याच जणांनी कासव हातात घेतलेलं नसतं, आणि हा शोध रक्त येत असताना घ्यायचा नसतो. साधा फोन करून विचारा की तुम्ही सरपटणारे प्राणी बघता का, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री काय करायचं, तुम्ही नसाल तर कोणाकडे जायचं. असे दोन नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. मोबाईलमध्ये असतातच हो, पण घाबरलेल्या माणसाला मोबाईलमध्ये काही सापडत नाही, आणि घरी तुम्ही नसाल तर बाकीच्यांना तर नाहीच.

त्याच्याबरोबर एक कागद, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यावर जात कुठली, अंदाजे वय, नर की मादी, शेवटचं वजन आणि तारीख, ऊब देणाऱ्या दिव्याखालचं आणि गार कोपऱ्यातलं तापमान, यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) कधी बदलला, खाणं काय, आधी कुठली औषधं झाली. डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात. मालकीचे किंवा परवान्याचे कागद असतील त्यांची झेरॉक्सही इथेच ठेवा, कारण जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्याच जाती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमध्ये येतात आणि कधी ना कधी कागद विचारले जाऊ शकतात.

आणखी एक, निरोगी असताना कासवाचे फोटो काढून ठेवा. वरून, खालून, समोरून, दोन्ही बाजूंनी. कवचावरचा एखादा डाग किंवा भेग नवीन आहे की जुनीच, हे फोटो असला की एका मिनिटात कळतं, नाहीतर घरात वाद.

पेटी कसली घ्यायची

घट्ट झाकणाचा, बाहेरून आतलं दिसेल असा प्लास्टिकचा डबा. बस. कोरड्या आणि थंड जागी ठेवायचा, कासवाच्या दिव्याजवळ तर मुळीच नाही कारण उष्णतेने औषधं खराब होतात (मी सुरुवातीला सोयीचं म्हणून तिथेच ठेवला होता, मलम पातळ होऊन ट्यूबमधून बाहेर आलं). माणसांच्या डब्यात मिसळू नका. घाईत हाताला लागेल ते लावलं जातं, आमच्याकडे तेच होणार होतं.

मोजायच्या वस्तू, आणि यातच खरा जीव आहे

पहिली वस्तू वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पिल्लू असेल तर १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, मोठ्याला ५ ग्रॅमचा फरक कळला तरी पुरे. दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळेला, खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. पाण्यात बसवल्यावर लगेच करू नका, ते पाणी पितं आणि आकडा उगाच वाढतो, तसंच नुकतीच शी-सू झाली असेल तर उगाच कमी दिसतो. एका आठवड्याच्या आकड्याला काही अर्थ नसतो, चार-पाच आठवड्यांची दिशा बघायची. सलग खाली जात असेल तर कासव बाहेरून कितीही टुकटुकीत दिसू दे, डॉक्टरांना फोन करा, आणि १०% घट झाली म्हणजे उशीरच झालाय असं समजा. इंटरनेटवर जॅक्सन रेशो म्हणून वजन आणि लांबीचा एक तक्ता फिरतो, तो भूमध्य सागराकडच्या दोन जातींवरून बनवलेला आहे, ग्रीक आणि हर्मन. तुमच्याकडे दुसरी जात असेल तर तो लावून स्वतःची झोप उडवून घेऊ नका. तुमच्या कासवाची खरी तुलना त्याच्याच मागच्या वजनाशी.

दुसरी वस्तू थर्मामीटर, शक्यतो दोन. एक साधा डिजिटल, ज्याची वायर दिव्याखाली ठेवता येते, आणि जमलं तर ती तापमान मोजायची इन्फ्रारेड गन, जी पृष्ठभागावर रोखून बटण दाबलं की आकडा येतो. याचं कारण असं की "खात नाहीये" या तक्रारीत मी आता पहिलं काम तापमान बघायचं करते. बल्ब गेलेला असतो, कोणीतरी दिवा वर सरकवलेला असतो, रात्री खोली फार गार पडलेली असते, आणि आपण मात्र टॉनिक शोधत बसतो. गार पडलेल्या कासवाला भूक लागतच नाही आणि जबरदस्तीने भरवलं तर ते पोटात तसंच पडून राहून कुजतं. बऱ्याच जातींना दिव्याच्या बरोबर खाली ३२ ते ३५ अंश लागतात आणि दुसरीकडे गार कोपरा, पण नेमका आकडा तुमच्या जातीचा शोधून त्या कागदावर लिहा.

यूव्हीबी दिव्याचंही इथेच सांगते. तो पेटतोय म्हणजे काम करतोय असं नाही, उजेड पडत राहतो पण आतला यूव्हीबी हळूहळू कमी होतो, म्हणून कंपनी सांगते त्याप्रमाणे साधारण ६ ते १२ महिन्यांनी बदलावा लागतो. बसवला त्या दिवशीची तारीख दिव्याच्या होल्डरवरच चिकटवून टाका.

आणि एक छोटा टॉर्च. नाकात, तोंडाच्या कडेला, शेपटीखाली, पायांच्या घड्यांमध्ये बघायला. मोबाईलचा टॉर्च चालतो पण मग त्याच मोबाईलने व्हिडिओ काढता येत नाही, आणि श्वासाचा आवाज येत असेल तर तो व्हिडिओ डॉक्टरांसाठी सोन्याचा असतो, कारण तिथे टेबलावर ठेवलं की कासव डोकं आत घेऊन बसतं आणि एकदम ठणठणीत असल्याचं नाटक करतं.

धुवायचं आणि जंतू मारायचं सामान

सलाईन, म्हणजे ०.९% चं मिठाचं निर्जंतुक पाणी. मोठी बाटली घेऊ नका, उघडली की एका दिवसात टाकायला लागते, त्यापेक्षा ५ किंवा १० मिलिच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात त्या दहा-पंधरा ठेवा. अगदीच संपलं तर १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, मोजायला काटा आता घरात आहेच. ते त्याच दिवशी वापरायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं.

पोव्हिडोन आयोडीन, १०% वालं, जे बेटाडाइन म्हणून सगळ्यांना माहितीये. हे बाटलीतून थेट लावायचं नाही. १ भाग औषध आणि १० भाग पाणी, रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा आला पाहिजे. गडद केलं म्हणजे जास्त काम करतं असं अजिबात नाही, उलट जखमेतल्या चांगल्या पेशीही मरतात. लागेल तेव्हा ताजं बनवायचं, बनवून भरून ठेवायचं नाही. काही जण क्लोरहेक्सिडीन वापरतात, तेही चालतं पण २% असेल तर ४० पट पाण्यात पातळ करून, आणि डोळ्यांत किंवा कानाजवळ अजिबात नाही. नवख्या माणसाने दोन्ही ठेवून गोंधळ करण्यापेक्षा एकच ठेवावं, मी आयोडीन ठेवते.

मलम एकच, सिल्व्हर सल्फाडायझिन १%, भाजल्यावर लावतात ते पांढरं क्रीम. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर हे बऱ्यापैकी सर्रास वापरतात, तरी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. दुसरं कुठलं अँटिबायोटिक मलम घेणार असाल तर ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. वेदना कमी करणारं म्हणून त्यात सुन्न करायचं औषध घातलेलं असेल, किंवा खाज कमी करायला स्टिरॉइड असेल, तर ती ट्यूब परत ठेवा.

सुई नसलेल्या सिरिंज, १० आणि २० मिलिच्या, जखम धुवायला. याने तोंडात पाणी किंवा औषध सोडायचं नाही बरं का, कासवाची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते आणि पाणी फुफ्फुसात जायला एक क्षण पुरतो.

बाकी किरकोळ म्हणजे निर्जंतुक गॉजचे चौकोन, न चिकटणारे ड्रेसिंग पॅड, स्वतःलाच चिकटणारी पट्टी (ती रंगीत असते, जनावरांना गुंडाळतात ती), कागदी मेडिकल टेप, बोथट टोकाची कात्री, चिमटा, कानातल्या कापसाच्या काड्या, मऊ टूथब्रश, हातमोजे. कापूस नको. त्याचे धागे जखमेत आणि कवचाच्या भेगेत अडकून बसतात आणि मग चिमट्याने एकेक उपसत बसा. टेप फक्त कवचावर लावायचा, कातडीवर नाही. कॉर्नफ्लोअरची छोटी डबी ठेवा, नखातून रक्त आलं तर. आणि वॉटर बेस्ड जेलीची एक ट्यूब आणि थोडी साखर, ती कशाला ते पुढे येईलच.

आजारी कासवाचा टब

हे पेटीत मावत नाही पण पेटीइतकंच महत्त्वाचं. गुळगुळीत बाजूंचा एक प्लास्टिकचा टब वेगळा काढून ठेवा, कासव त्यात वळू शकेल एवढा. तळाला पांढरा किचन पेपर किंवा वर्तमानपत्र, माती-भुसा काही नाही, कारण जखमेला ते चिकटतं आणि शिवाय पांढऱ्या कागदावर रक्त, शी, लघवीतला तो पांढरा भाग, सगळं स्पष्ट दिसतं. एका कडेला उष्णता, बाकी गार, म्हणजे त्याला हलता येईल. आजारी कासवाला साधारण त्याच्या जातीच्या चांगल्या तापमानाच्या वरच्या टोकाला ठेवतात, बऱ्याच जातींना ते २८-३० अंशांच्या आसपास पडतं, आणि रात्रीही फार खाली जाऊ द्यायचं नाही.

उष्णता कशी द्यायची हा प्रश्न गाडीत येतो. बाटलीत गरम (उकळतं नाही) पाणी भरून जाड टॉवेलात गुंडाळायची आणि बॉक्सच्या एका बाजूला ठेवायची, कासवाला चिकटवून नाही. झटकन गरम होणारे ते खिशातले पॅक मी वापरत नाही, कासवाला भाजतंय हे कळून उठून जाईपर्यंत त्याचं पोट भाजलेलं असतं. नेण्यासाठी झाकणाला भोकं असलेला खोका, आतून अंधार, खाली टॉवेल. अंधारात ते शांत बसतं.

कोमट पाण्यात बसवायलाही हाच टब. साधारण ३० अंश, कोपराला धड गरम लागत नाही धड गार लागत नाही असं, पाण्याची खोली वरचं आणि खालचं कवच जुळतं त्या रेषेपर्यंत, आणि डोकं आरामात बाहेर राहिलं पाहिजे. २० ते ३० मिनिटं, पाणी गार पडलं तर बदलायचं आणि एकटं सोडून जायचं नाही. डोळे खोल गेलेत, तोंडात चिकट लाळ आहे, लघवीतला पांढरा भाग पातळ मलईसारखा न राहता वाळूसारखा कचकचतोय, ही सगळी पाणी कमी पडल्याची लक्षणं. अशा वेळेला खाणं नाही, आधी ऊब, मग पाणी, मग दुसरं काय ते. क्रम उलटा करू नका.

पेटीत काय नको

इथे मी जरा हट्टी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, फेस येतो म्हणून स्वच्छ होतंय असं वाटतं पण निरोगी मांसही जळतं. स्पिरिट नको. पाण्यात टाकलं की दुधासारखे पांढरे होणारे ते वासाचे जंतुनाशक नकोत. टी ट्री वगैरे तेलं नकोत, सर्दीचे बाम नकोत, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या नकोत, पॅरासिटामॉल पण नाही. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक नको, त्याचा डोस वजनावर आणि जातीवर ठरतो आणि वजन तर आता बदललेलं असतं.

आणि आयव्हरमेक्टिन. हे नाव पाठ करा. इतर जनावरांच्या जंतांवर आणि गोचिडांवर हे सर्रास देतात, पण कासवांच्या मज्जासंस्थेवर ते असा परिणाम करतं की अंग लुळं पडतं आणि कासव मरू शकतं. कासवांचा फारसा अनुभव नसलेल्या डॉक्टरकडे गेलात आणि जंतांचं औषध दिलं तर न लाजता विचारा की यात आयव्हरमेक्टिन नाही ना. कुत्र्यांचे गोचिडांचे स्प्रे पण नाहीत. कासवाला गोचीड लागली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढायची.

सुपरग्लू आणि इपॉक्सी. का नको ते खाली.

वेळ आली की काय करायचं

*कवचाला भेग.* कवच म्हणजे डबा नाही, जिवंत हाड आहे, त्यात रक्त आहे, नसा आहेत, आणि दुखतं. पाठीचा कणा वरच्या कवचाला आतून जोडलेला असतो आणि फुफ्फुसं बरोबर त्याच्या खाली असतात. म्हणून आधी नुसतं बघा, टॉर्च घेऊन. वरवरचा टवका असेल, आत काही उघडं पडलेलं नसेल, तर सलाईनने धुवायचं, पातळ आयोडीनचं गॉज हलक्या हाताने टेकवायचं, कोरडं करून न चिकटणारा पॅड ठेवून वरून पट्टी. पण भेग खोल असेल, हवेचे बुडबुडे दिसत असतील, आतलं काही ओलसर चमकत असेल, तर त्यात पाणी, आयोडीन, मलम काही म्हणजे काही ओतायचं नाही, ते थेट फुफ्फुसात किंवा पोटाच्या पोकळीत जातं. सलाईनने ओलं केलेलं गॉज वर नुसतं ठेवायचं, सैल पट्टी, तुटलेला तुकडा सापडला तर तो ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बरोबर, खोक्यात घालून निघायचं. उलटं पाडून बघू नका. आणि ग्लूने चिकटवायचा मोह होतोच, तुटलेली वस्तू दिसली की आपला हात तिकडेच जातो, पण त्याने जंतू आत कोंडले जातात आणि वरून सगळं छान दिसत राहतं. भेग भरायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. बंड्याचा तो टवका अजून पूर्ण भरलेला नाही.

*कुत्रा चावला.* दाताचं एक बारीक भोक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. वरून छोटं दिसतं पण जंतू खोल गेलेले असतात. हे "उद्या बघू" मधलं नाही.

*रक्त.* गॉजने ५ ते १० मिनिटं दाबून धरायचं, घड्याळ लावून, दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघायचं नाही. नखातून येत असेल तर कॉर्नफ्लोअर दाबून लावायचं.

*अळ्या.* हे घाणेरडं आहे पण वाचा. बाहेर फिरणाऱ्या कासवाला छोटीशी जखम असेल किंवा शेपटीखाली घाण चिकटून राहिली असेल तर माश्या तिथे अंडी घालतात, बारीक पिवळट तांदळाच्या कण्यांसारखी दिसतात. काही तासांत अळ्या होतात आणि त्या आत शिरतात. दिसतील तेवढ्या चिमट्याने काढा, सलाईनने भरपूर धुवा, कासवाला घरात टबात ठेवा जिथे माशी येणार नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर, कारण दिसतात त्याच्या कितीतरी पट आत असतात. म्हणून गरम दिवसांत रोज एकदा उचलून शेपटीकडे बघायची सवय ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

*पाण्यात बुडालेलं सापडलं.* जमिनीवरचं कासव पोहत नाही, तळाशी जातं. मेलंय असं ठरवून टाकू नका, ऑक्सिजनशिवाय कासव आपल्यापेक्षा खूप जास्त वेळ तग धरतं आणि पार निपचित दिसणारंही परत हलू शकतं. डोकं खाली येईल असं उभं धरा, मान हळूच बाहेर ओढून सरळ करा, पाणी तोंडातून नाकातून गळू द्या. मग सपाट, पोटावर ठेवा आणि पुढचे दोन्ही पाय हळू बाहेर ओढायचे, परत आत ढकलायचे, असं करत राहायचं. कासव श्वास घेताना पायांचीही मदत घेतं म्हणून यानेच हवा आतबाहेर होते. पाठीवर उलटं टाकायचं नाही. लगेच कडक दिव्याखालीही ठेवायचं नाही. कोणीतरी एकाने पाय हलवत राहायचं आणि दुसऱ्याने गाडी काढायची. आणि शुद्धीवर आलं, चालायला लागलं, तरी डॉक्टरकडे न्यायचंच, पाणी फुफ्फुसात गेलेलं असलं तर काही दिवसांनी न्यूमोनिया होतो.

*शेपटीखालून काहीतरी बाहेर आलंय.* नराच्या बाबतीत आधी शांत राहा. त्याचं लिंग मोठं आणि गडद जांभळं-काळं असतं, पाण्यात बसवल्यावर बाहेर काढतो आणि थोड्या वेळात परत आत घेतो, पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव जातो पण ते नॉर्मल आहे. आत गेलंच नाही, सुजलं, सुकायला लागलं, किंवा लाल-गुलाबी आतड्यासारखं काही दिसतंय, तर मग ती इमर्जन्सी. ढकलू नका. सलाईनने धुवा, जेली लावून ओल्या गॉजने झाका, सुकू द्यायचं नाही हे मुख्य. खूप सूज असेल आणि डॉक्टर लांब असेल तर साखरेच्या दाट पाण्यात भिजवलेलं गॉज ठेवतात, साखर सुजेतलं पाणी ओढून घेते. दुसरं कासव असेल तर ताबडतोब वेगळं करा, ते चावतं. आणि निघा.

*उन्हात उलटं पडून तापलेलं.* सावलीत आणायचं, साध्या गारसर पाण्यात बसवायचं, डोकं वर धरून. बर्फ किंवा फ्रीजचं पाणी नाही. तोंडाला फेस असेल किंवा मान टाकली असेल तर पाण्याने थंड करता करता फोन.

*दिव्याने भाजलं.* नळाचं गार पाणी हळूहळू, मग पांढरं क्रीम पातळ थर, आणि दाखवून यायचं. दिवा किती उंचीवर आहे तेही मोजा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत तेच.

*नाकात बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान ताणून श्वास.* घरगुती उपाय काहीच नाही. उबदार टबात ठेवा, व्हिडिओ काढा, जा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर त्याच दिवशी. डोळे सुजलेत किंवा चिकटलेत तर सलाईनने हलके धुवायचे, आपल्या घरातले डोळ्यांचे ड्रॉप घालायचे नाहीत, त्यात स्टिरॉइड असू शकतं. जीवनसत्त्व अ कमी पडलंय असं ऐकून ते स्वतःहून द्यायचं नाही, जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते.

मादी सारखी अस्वस्थ, खणतेय, जोर करतेय पण अंडी येत नाहीत, तर तेही डॉक्टरचं काम, घरी वाट बघत बसू नका.

हात, आणि वापरलेलं सामान

अगदी निरोगी कासवाच्याही अंगावर साल्मोनेला असू शकतो, त्याला काही होत नाही पण आपल्याला होतं, लहान मुलांना जास्त. अमेरिकेत तर याच कारणाने १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. म्हणून हातमोजे घातले तरी नंतर साबणाने हात धुवायचे, टब आणि ब्रश स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत, आणि पाच वर्षांखालचं मूल असेल तर उपचाराच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा. वजनकाटा स्वयंपाकाचा आणि कासवाचा वेगळा. हे मी आधी म्हटलं नाही, पण वेगळाच.

पेटी जिवंत ठेवणं

वर्षातून दोनदा पेटी उपसायची. मी ते यूव्हीबी दिव्याच्या तारखेबरोबर बांधून टाकलंय, दिवा बघायला गेले की पेटी पण काढते. एक्सपायरी गेलेलं टाकायचं, उघडलेल्या प्रत्येक ट्यूबवर उघडल्याची तारीख मार्करने, वापरलेल्या कुप्यांच्या जागी नव्या ठेवायच्या, टॉर्चचे सेल बघायचे, आणि ते दोन फोन नंबर खरंच लावून बघायचे. मागच्या खेपेला त्यातला एक बंद निघाला.